घरच्यांना आवतण

अमरावतीतल्या मिशनच्या प्रार्थनाघराची घंटा दर रविवारी सकाळी मोरोपंत स्वतः वाजवीत. घंटा चांगली होती. विलायतेहून आलेली होती आणि तिचा नाद थेट कापसाच्या बाजारापर्यंत पोचत असे. बाजारातली माणसे तो ऐकून घटकाभर मान वर करीत आणि पुन्हा चिमटीतल्या कापसाचा धागा ओढून पाहू लागत. मोरोपंत दोर सोडून आत येत व जमलेल्या मंडळीकडे पाहत. मंडळी एका नजरेत मावत असे.

साल अठराशे चौसष्टचे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि त्यांचे भांडण लवकर मिटू नये म्हणून वऱ्हाडात देवळोदेवळी नारळ फुटत होते. तिकडचा कापूस अडला की इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झाले होते. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. अकोल्याकडून लोहमार्ग येतो आहे, तो आला की कापूस एका झोपेत मुंबईला पोचेल, असे लोक एकमेकांना सांगत होते. शांतीचा उपदेश करून पोट भरणाऱ्या माणसाला हा काळ बरा नव्हता.

मोरोपंत मूळचे नगरकडचे, भिक्षुकाच्या घरातले. विशीत इंग्रजी शाळेत गेले, पंचविशीत ख्रिस्ती झाले. वडिलांनी त्यांच्या नावाने अंघोळ केली आणि मिशनच्या गोऱ्या साहेबांनी त्यांना वऱ्हाडात पाठवले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या, त्यामुळे त्यांतली शिक्षा कोणती हे त्यांना पुढेही नीटसे सांगता आले नाही. आता चाळिशी उलटली होती. सकाळी शाळा, दुपारी बाजाराच्या तोंडाशी उभे राहून उपदेश, संध्याकाळी घसा बसलेला. बाजारात त्यांचे ऐकायला लोक थांबत नसत असे नाही. गाडी पुढे सरकेपर्यंत थांबत.

मंडळीत मोरोपंत आणि त्यांची बायको अनसूया, साहेबांचा जुना खानसामा आणि पलटणीतून सुटलेला एक लंगडा शिपाई एवढी माणसे कायमची. खानसामा येई कारण त्याची खोली प्रार्थनाघराला लागून होती, आणि शिपाई येई कारण त्याला कुठेतरी बसायचे असे. केवळ यावेसे वाटते म्हणून येणारे एकच घर होते. तीन कोसांवरच्या बोरखेडच्या नत्थुजींचे.

नत्थुजी कुणबी. काळ्या जमिनीचा धनी, बोलायला सडेतोड. काही वर्षांपूर्वी कापसाची गाडी घेऊन अमरावतीला आला आणि पटकीने भर बाजारात पडला. सोबतची माणसे पांगली. मोरोपंतांनी त्याला उचलून आपल्या पडवीत आणून निजवला. अनसूयेने त्याचे हागणे-ओकणे काढले आणि चमच्याचमच्याने पेज पाजली. मोरोपंतांनी उशाशी बसून त्याला मूर्तिपूजेचे खंडन सविस्तर वाचून दाखवले. पटकीत कान बसल्यामुळे त्यातले अक्षरही नत्थुजीला ऐकू आले नव्हते, हे बरेच पुढे कळले. त्याला आठवत होती ती पेज, आणि पेज पाजणाऱ्या बाईने तू कोणाचा, कोण जातीचा हे विचारले नव्हते ही गोष्ट.

वर्षभराने तो बायको रुख्मिणी आणि लेक कौसल्या यांना घेऊन बाप्तिस्मा घ्यायला उभा राहिला. साहेबांनी विचारले, तुला प्रभूची ओळख कशी झाली. तो म्हणाला, "येसू कसा हाय ते वैनीनं दाखवलं, अन् कोन हाय ते पंतभाऊनं सांगतलं." साहेबांनी विलायतेला कळवताना त्यातला फक्त दुसरा अर्धा भाग कळवला.

गावाने त्यांना वाळीत टाकले. मग दर शनिवारी संध्याकाळी नत्थुजीची गाडी मोरोपंतांच्या दारात सुटू लागली. बायका एकाच जात्यावर बसत. रुख्मिणीच्या जुन्या ओव्यांतले देव एकेक करून उठले आणि त्या जागी येशू येऊन बसला. चाल तीच राहिली, त्यामुळे जात्याला फरक कळला नाही. कौसल्या अनसूयेकडून कोळशाने अक्षरे गिरवायला शिकली. रात्रीच्या जेवणानंतर सगळे पडवीत बसून प्रार्थना करीत. मोरोपंतांची प्रार्थना संस्कृताच्या घाटाने वर चढे आणि अर्ध्यात दम खाई. नत्थुजी डोळे मिटून "बापा, तुले तं समदं ठावंच हाय" असे म्हणून सुरुवात करी आणि चार वाक्यांत खाली बसे. मोरोपंतांना तेव्हा मनातून वाटे की आपल्या शाळेचे, बाजारातल्या उपदेशाचे आणि घंटेचे जे काय व्हायचे ते होवो, ही पडवी आहे तोवर आपण फुकट गेलो नाही.

ती पडवी वैशाखापासून रिकामी होती.

पौषात मोरोपंतांच्या घरी फार वर्षांनी लेक झाली होती. वैशाखात तिचा बाप्तिस्मा झाला, रमा नाव ठेवले, पंगत उठली. अकोल्याहून साहेब आले, शाळेतल्या पोरांचे बाप आले, ज्यांना यायचे नव्हते तेही गोडाच्या वासाने दारापर्यंत आले. नत्थुजीचे घर तेवढे आले नाही. त्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी नाही. दोनदा तो बाजारात भेटला तेव्हा "काम हाय" म्हणाला. आधी तो पंतभाऊ म्हणायचा. आता पंतसाहेब म्हणू लागला होता.

मोरोपंतांनी निदान केले: कापूस. नत्थुजीच्या शेतात पीक मातले होते, दारात नवे बैल आले होते. धनाचा लोभ माणसाला देवापासून कसा तोडतो यावर त्यांनी एक सबंध रविवार उपदेश केला. तो अनसूयेने, खानसाम्याने आणि शिपायाने ऐकला. तिघांपैकी कोणाकडेही धन नव्हते.

श्रावण सरत आला तेव्हा बाजारातून बातमी आली. यंदाच्या पोळ्याला नत्थुजीचे बैल गावाच्या तोरणाखाली उभे राहणार. बोरखेडचे पाटील पंजाबराव यांनी तसे ठरवले होते. बैलांची पूजा गावाबरोबर करायची, पंगतीला बसायचे, झाले गेले विसरायचे, आणि कौसल्येचे लग्न जमवून द्यायची जबाबदारी पाटलांची. ज्या घरी लग्नाची लेक आहे आणि ज्याच्या दारात तीन वर्षांत माणूस फिरकलेला नाही, त्याला याहून अधिक काय समजावून सांगायचे असते.

साहेब त्याच आठवड्यात अकोल्याहून चिखलदऱ्याच्या थंड हवेला चालले होते. वाटेत ते मोरोपंतांकडे थांबले. त्यांनी बातमी ऐकून घेतली, दुःख व्यक्त केले आणि बैलाच्या पूजेविरुद्ध शास्त्रातले दाखले क्रमाने मांडावेत अशी सूचना केली. दाखले त्यांना पाठ होते. ते सांगून झाल्यावर ते पुढे गेले.

खांदेमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, मोरोपंत दाखले मनाशी घोकत बोरखेडला निघाले. वर्षभर जू ओढून बैलांच्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात, ते त्या दिवशी ऊन पाण्याने शेकून, हळद-लोणी चोळून मऊ करायचे अशी वऱ्हाडची रीत. निघताना अनसूयेने त्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेला लोण्याचा गोळा दिला.

"हे कशाला?"

"बैलांना. नत्थुभाऊंच्या घरी यंदा दुभते जनावर नाही."

"मी पोळ्याविरुद्ध बोलायला चाललो आहे."

"बोला की. बैलांचे खांदे दुखतात, त्यात मूर्तिपूजा कुठली आली?"

यावर साहेबांच्या दाखल्यांत काही नव्हते. मोरोपंत लोणी घेऊन निघाले.

वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात माणसाला सोडत नाही. पहिल्या कोसात जोडे गेले, म्हणजे हातात आले. दुसऱ्या कोसात धोतर गुडघ्यापर्यंत काळे झाले. तिसऱ्या कोसात दाखल्यांचा क्रम बिघडला. एका हातात जोडे, दुसऱ्या हातात वितळू लागलेले लोणी, असा हा उपदेशक बोरखेडच्या शिवेत शिरला तेव्हा गुराखी त्याच्याकडे बघून हसला नाही, बाजूला झाला. माणूस कोणाच्या तरी मरणाची बातमी घेऊन आला असावा असे त्याला वाटले असेल.

नत्थुजी अंगणात होता. चुलाणावर पाण्याचे भांडे होते, आणि तो कापडाचा बोळा बुडवून नव्या पांढऱ्या बैलाचा खांदा शेकत होता. मागे जुना तांबडा बैल आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. मोरोपंत दिसताच नत्थुजीने घोंगडी टाकली, पाय धुवायला पाणी आणवले आणि "या, पंतसाहेब" म्हणून पुन्हा बैलाकडे वळला. मोरोपंतांनी लोणी पुढे केले. त्याने ते घेतले, पान उघडून वास घेतला, "वैनीचं हाय" एवढे स्वतःशीच म्हणाला आणि त्यात हळद कालवली.

मोरोपंतांनी दाखल्यांना सुरुवात केली. जे आठवले ते सांगितले, जे आठवले नाही त्याच्या जागी आवाज चढवला. बैल देवाने निर्माण केला, तो देव नव्हे. निर्मात्याला सोडून निर्मितीपुढे वाकणे हे पाप. नत्थुजी ऐकत होता आणि चोळत होता. दारी आलेल्या बोहारणीचे ऐकावे तसे तो ऐकत होता, म्हणजे मधे बोलत नव्हता, उठतही नव्हता. आतून बाळ कसे आहे असे रुख्मिणीने विचारले. मोरोपंत म्हणाले, बरे आहे, बसू लागले आहे. आत चुलीवरचे भांडे वाजले. मोरोपंत पुन्हा बैलाकडे वळले.

त्यांचे बोलणे संपले नाही, थांबले. दम लागला होता.

तोवर पांढऱ्याचे झाले होते आणि तांबड्याचेही खांदे चोळून झाले होते. नत्थुजीने हात पुसले. तांबड्या बैलाच्या गळ्याला हात घालून तो त्याच्या कानाशी वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मोरोपंतांनी हे कधी ऐकले नव्हते. इतकी वर्षे वऱ्हाडात काढली, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी ते कोणाच्या गोठ्यात गेले नव्हते. हा दिवस त्यांनी नेहमी पोळ्याविरुद्ध लिहिण्यात घालवला होता.

"त्याला काय आवतण द्यायचे?" त्यांनी विचारले. यात उपदेश नव्हता, नुसती थकलेल्या माणसाची चौकशी होती. "तुमच्याच गोठ्यातला ना हा? उद्या दुसरीकडे जेवणार कुठे?"

"याच गोठ्यात जल्मला," नत्थुजी म्हणाला. "हा वासरू असतानी कौसल्या याच्या अंगावर निजे."

"मग?"

"मंग काय. घरचा हाय म्हनूनच द्या लागते. परक्याले नाई देलं तं चालते, पंतसाहेब. परका काई वाट पाहून नाई राह्यत."

एवढे बोलून त्याने बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि मोरोपंतांकडे पाहिले. वैशाखापासून त्याने त्यांच्याकडे असे सरळ पाहिले नव्हते.

मग त्याने सांगितले. सांगताना आवाज चढवला नाही. लेकीच्या बाप्तिस्म्याची पंगत आहे हे त्याला बाजारात कळले. आज आवतण येईल, उद्या येईल म्हणून घर थांबले होते. रुख्मिणीने ठेवणीतले लुगडे काढून उन्हात टाकले होते. कौसल्येने बाळासाठी कुंची शिवली होती, लाल, कडेला मणी लावून. पंगतीच्या दिवशी सकाळी त्याने गाडी जुंपून ठेवली, कारण निरोप उशिरा आला तरी वेळेवर पोचता यावे. दुपारपर्यंत बैल जुंपलेलेच होते. मग सोडले.

"साहेबाचा खानसामाबी जेवाले होता म्हनते," तो म्हणाला. "समद्या अमरावतीले आवतन होतं. आमाले नोतं. आमी म्हनलं, पेज पाजली तवा मी बेमार होतो, बेमाराची जात नसते. पंगतीत असते. बामन होते ते बामनच राह्यले."

खरी गोष्ट अगदी सोपी होती, आणि ती सांगायला मोरोपंतांना फार जड गेले. खानसाम्याला आवतण दिले, शिपायाला दिले, ज्यांच्याशी धड ओळखही नव्हती त्यांना घरी जाऊन दिले. नत्थुजीचे नाव तेव्हा मनात आले नाही असे नाही. आले होते, आणि मनाने म्हटले होते, ते काय, ते येतीलच, घरचेच आहेत. अनसूयेने विचारले होते, बोरखेडला कोण जाणार. मोरोपंत म्हणाले होते, घरच्यांना कसले आवतण.

"आमच्याकडे घरच्या माणसाला आवतण देत नाहीत, नत्थुजी," ते म्हणाले. "दिले तर तो रागावतो. मला परका समजलात का म्हणतो. आमच्याकडे तशी रीत आहे."

नत्थुजीने यावर विचार केला. ते खरे असावे हे त्याला पटलेले दिसले. पण त्याने विचारले, "तुमच्याकडं म्हंजे कोनाकडं, पंत? बामनाकडं का येसूकडं?"

मोरोपंतांनी प्रभूच्या तोंडची मेजवानीची गोष्ट निदान वीस वेळा बाजारात सांगितली होती. मोठ्या माणसाने जेवणावळ ठरवली, लोकांना आवतण दिले, आणि जेवणाची वेळ झाल्यावर चाकराला पुन्हा त्यांच्याकडे पाठवले, की चला, सगळे तयार आहे. एकाने सबब सांगितली की मी नवे बैल घेतले आहेत, मला येता येत नाही. नत्थुजीने नवे बैल घेतल्यापासून मोरोपंत ही गोष्ट फार जोराने सांगत होते. चाकर आवतण द्यायला गेला होता, आणि एकदा नव्हे, दोनदा गेला होता, ही त्या गोष्टीतली बाजू त्यांनी आजवर भरभर सांगून टाकली होती.

ते घोंगडीवरून उठले. काय करावे हे कळेना, म्हणून जे नुकतेच ऐकले होते तेच हात जोडून म्हणाले, "नत्थुजी, आज आवतण घे. उद्या जेवायला ये."

आत रुख्मिणी हसली. वैशाखापासूनचे तिचे ते पहिले हसू असावे, कारण कौसल्या बघायला बाहेर आली.

"हे बैलाचं हाय, पंत," नत्थुजी म्हणाला.

"मग माणसाचे कसे देतात?"

उत्तर आतून आले. "बाईले बाईचं आवतन लागते. वैनीले म्हना, तुले सोता येता येत नाई का."

नत्थुजी हसला नाही. तो म्हणाला, "उद्या पोळा हाय. पाटलाचं आवतन आलं हाय. रीतीनं आलं, सोता पाटील आला दारात." येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. मोरोपंत तीन कोस परत गेले. परतीच्या वाटेवर दाखल्यांतला एकही आठवत नव्हता, आणि त्याची खंतही वाटत नव्हती.

अनसूयेने सगळे ऐकले. "मी तेव्हा विचारले होते" हे वाक्य तिच्या तोंडावर आलेले मोरोपंतांना दिसले. ते तिने गिळले. पंधरा वर्षांच्या संसारात अशी बरीच वाक्ये तिने गिळली होती, आणि मोरोपंत त्यालाच ख्रिस्ती घराची शांती समजत आले होते. ती उठली आणि हरभऱ्याची डाळ भिजत घालू लागली.

"उद्या सकाळीच जाऊ," ती म्हणाली. "आणि जेवण तिकडेच नेऊ."

"तिकडे? आवतण तर आपल्याकडचे आहे."

"उद्या पोळा आहे. अख्ख्या वऱ्हाडात बैल जुंपत नाहीत. ती माणसे येतील कशात बसून?"

मोरोपंतांच्या हे ध्यानात आले नव्हते. ज्याने आवतण द्यायचे त्यानेच जेवण डोक्यावर घेऊन पाहुण्याच्या घरी जायचे, असे शास्त्रात कुठे आहे का, हे ते अंथरुणावर पडल्यापडल्या आठवू लागले. थोड्या वेळाने त्यांना वाटले की कदाचित सगळ्या शास्त्रात एवढेच आहे. त्यापुढे विचार गेला नाही. पाय फार दुखत होते.

दुसऱ्या दिवशी भाड्याने गाडी मिळाली नाही, ती मिळणारच नव्हती. अनसूयेच्या डोक्यावर पुरणपोळ्यांची टोपली, मोरोपंतांच्या कडेवर रमा. पोर हातात असले की जोडे काढता येत नाहीत, आणि जोडे असले की चिखलातून पाय निघत नाही. दर वळणावर ते दोघे थांबत, पोर इकडून तिकडे घेत आणि पुन्हा चालू लागत. बोलले फारसे नाहीत. एकदा अनसूया म्हणाली, "नाही आले जेवायला तर?" मोरोपंत म्हणाले, "बैलांना घालू." तिने त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिले.

बोरखेडला पोचले तेव्हा दुपार कलली होती. गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचे तोरण लागले होते, वाजंत्री वाजत होती. माणसे झडत्या म्हणत होती, म्हणजे बैलांच्या मिषाने एकमेकांची टर उडवणारी पोळ्याची गाणी. नत्थुजीचे बैल अंगणात सजून उभे होते. पाठीवर झुली, शिंगांना चांदीच्या शेंब्या, कपाळावर बाशिंगे. त्याच्या हातात कासरा होता. तो बाहेर पडण्याच्या बेतात होता, की नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. त्यालाही कळले नसावे.

अनसूया उंबऱ्याशी जाऊन थांबली. टोपली खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला. आत गेली नाही. रुख्मिणी चुलीजवळून उठून आली तेव्हा ती म्हणाली, "रुख्मिणीबाई, घरच्या सगळ्यांना जेवायचे आवतण द्यायला आले आहे."

"कोनाच्या घरी?"

"तुमच्याच. आमच्या घरी यायला आज तुम्हाला बैल नाहीत."

रुख्मिणी दारात उभी राहिली. तिने टोपलीकडे पाहिले, अनसूयेच्या गुडघ्यापर्यंत चढलेल्या चिखलाकडे पाहिले. "तीन कोस पायी आली तू," ती म्हणाली, "लेकुरवाळी." मग आत गेली आणि लाल कुंची घेऊन आली. ती रमेच्या डोक्यावर चढवायला लागली तर कुंची टाळूवरच बसली, खाली उतरेना. पोर वैशाखातले राहिले नव्हते.

"उसवून मोठी करतो मी," कौसल्या मागून म्हणाली. "कापड हाय अजून." तिने रमेला उचलून घेतले.

तेवढ्यात पाटलांकडचा कोतवाल आला. पाटील खोळंबले आहेत, म्हणाला, तुमच्या बैलांसाठी तोरणाखाली जागा ठेवली आहे, चला. हे दुसरे बोलावणे. पाटलांनी कुठेही कसूर ठेवली नव्हती. मोरोपंतांना त्या क्षणी पाटलांचा आदरच वाटला. मंडळी कशी जमवावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे होते.

नत्थुजीने कासरा या हातातून त्या हातात घेतला. तोरणाकडे पाहिले. तिकडे त्याचे चुलते होते, लहानपणापासूनचे सोबती होते, लेकीचे लग्न होते. इकडे चिखलाने भरलेला एक उपदेशक होता, आणि त्याने आज अजून एकही दाखला दिला नव्हता. मोरोपंत बोलणार नव्हतेच. त्यांच्यात जीव उरला नव्हता.

"पाटलाले सांग," नत्थुजी कोतवालाला म्हणाला, "रामराम सांगतला म्हना. माह्या घरी पावने आले हायेत. आमी जेवून राह्यलो."

"अन् तोरन?"

"त्यायचं आवतन मानाचं हाय. पन हे घरचं हाय."

कोतवालाने खांदे उडवले आणि तो गेला. वाजंत्री वाजतच राहिली. नत्थुजीने बाशिंगे उतरवली नाहीत, मोरोपंतांनीही उतरवायला सांगितले नाही. पहिली पोळी हातात घेऊन तो तांबड्यापाशी गेला आणि थांबला. "पंतभाऊ," तो म्हणाला, "काई म्हना."

मोरोपंतांनी डोळे मिटले. संस्कृताचा घाट समोर दिसला, आणि तो चढायची ताकद नव्हती. ते म्हणाले, "बापा, तुला सगळे ठाऊकच आहे. या जनावरांनी वर्षभर ओढले, त्याबद्दल तुझे आभार. आम्हीही ओढतो आहोत. आमेन."

बैलांनी पोळ्या खाल्ल्या. मग माणसे बसली. पंगतीत नत्थुजीच्या शेजारी मोरोपंत, अनसूयेच्या शेजारी रुख्मिणी, आणि सगळ्यांच्या पुढ्यातून सरकत फिरणारी, घाईने उसवून सैल केलेल्या लाल कुंचीतली रमा. गावातून झडत्यांचे आवाज येत होते. त्यांपैकी एक झडती नत्थुजीच्या नावाची होती आणि फारशी चांगली नव्हती. ती सगळ्यांनी ऐकली आणि पुन्हा पोळीवर तूप वाढून घेतले.

जेवण झाल्यावर नत्थुजी कालच्या लोण्यातले उरलेले घेऊन आला. मोरोपंतांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि एका ठिकाणी रक्त आले होते. तो खाली बसला आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊ लागला. मोरोपंतांनी तो मागे ओढला. भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या माणसाला पाय पुढे करायची सवय असते, पण असा कोणी मांडीवर घेतला की काय करायचे ते कोणी शिकवलेले नसते.

"राहू द्या," ते म्हणाले.

"काल बैलाले लावलं, आज तुमाले लावतो," नत्थुजी म्हणाला. "दोघंबी कोसाकोसाचे चालनारे." आणि त्याने पाय ओढून घेतला.

चोळताचोळता त्याने विचारले, की कौसल्येचे आता तुम्ही बघाल ना. मोरोपंत हो म्हणाले. सबंध वऱ्हाडात लग्नाचे ख्रिस्ती मुलगे किती आहेत हे त्यांना माहीत होते, आणि त्यांतल्या एकाची नुकतीच पन्नाशी झाली होती. नागपूरला विचारावे लागेल, नगरला लिहावे लागेल. जिथे त्यांच्या नावाने अंघोळी झाल्या होत्या तिथपर्यंत जावे लागेल. ते मनातल्या मनात त्या सगळ्या वाटा चालले आणि बसल्याजागी दमले.

"शनिवारी याल ना?" त्यांनी विचारले.

नत्थुजीने हळद-लोण्याचे हात झटकले. अंगणाकडे पाहिले. तांबडा बैल खाली बसून रवंथ करीत होता.

"आवतन आलं तं येऊ."

"दर शनिवारी?"

"शनिवारी कावून? आवतन आदल्या दिशी असते."

मोरोपंतांनी जोड्यांतला चिखल काडीने कोरायला सुरुवात केली. शुक्रवार परवाच होता.